अभ्यासक्रमाची उद्दिष्टे आणि कवितेचा अधिकारी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून पदवी अभ्यासक्रमांची फेररचना सुरू झाली, तेव्हा द्वितीय वर्ष कला वर्गाच्या आधुनिक मराठी कवितेच्या अभ्यासपत्रिकेसाठी उद्दिष्टे लिहून देण्याचे काम माझ्या वाट्याला आले. त्यासाठी एक छापील तक्ता होता. डाव्या बाजूस घटक, मध्ये तासिका, आणि उजवीकडे 'हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थ्यास काय करता येईल' असा एक रकाना. कवितेच्या अध्यापनात दोन तपांहून अधिक काळ घालवलेल्या माणसाला हा रकाना भरण्यास पंधरा मिनिटे पुरावीत, असे मला वाटले. आणि खरोखरच तेवढ्या वेळात मी तो भरला. 'काव्याविषयी अभिरुची निर्माण करणे', 'काव्याचा आस्वाद घेण्याची दृष्टी देणे', 'आधुनिक कवितेच्या प्रेरणा व प्रवृत्ती समजून घेणे', 'मर्ढेकरांच्या कवितेचे वेगळेपण जाणून घेणे'. ही वाक्ये मला सुचली असे म्हणणे बरोबर होणार नाही. ती हाताशीच होती. माझ्या आधीच्या प्राध्यापकांनी ती लिहिली होती, आणि त्यांच्या आधीच्यांनीही.

आमच्या महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे काम त्या वेळी वाणिज्य विभागातील एक तरुण प्राध्यापिका पाहत असत. त्यांनी कागद वाचला आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "सर, अभिरुची निर्माण झाली की नाही, हे आपल्याला कळणार कसं?" मी म्हणालो, "मॅडम, कवितेचा ताळेबंद नसतो." त्या हसल्या आणि कागद टेबलावर ठेवून निघून गेल्या. उत्तर चांगले जमले याचे समाधान मला तासभर पुरले. त्यानंतर मात्र तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही; कारण तोच प्रश्न फार वर्षांपूर्वी, वेगळ्या शब्दांत आणि बऱ्याच अधिक आर्ततेने, मला एकदा विचारला गेला होता. त्याकडे मी पुढे येईन. आधी माझ्या विरोधाचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तो केवळ आळसाचा विरोध नव्हता.

उद्दिष्टलेखनाची ही पद्धत नवी आहे, कोणीतरी ती आपल्यावर काल-परवा लादली, असा एक समज साहित्याच्या प्राध्यापकांत प्रचलित आहे. वस्तुतः तिला पाऊण शतकाचा इतिहास आहे. राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमाच्या मूलतत्त्वांविषयीचे आपले छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. उद्दिष्ट सांगताना विद्यार्थ्यात कोणता बदल घडावयाचा आहे आणि तो कोणत्या आशयाच्या संदर्भात, या दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोधात्मक उद्दिष्टांचे ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन असे सहा स्तर मांडले. हे वर्गीकरण सिद्ध करणारे लोक प्रामुख्याने महाविद्यालये व विद्यापीठे यांतील परीक्षक होते, आणि एकमेकांचे प्रश्न एकमेकांना वापरता यावेत ही त्यांची मूळ निकड होती, ही गोष्ट सहसा विसरली जाते. १९५७ मध्ये ब्लूम स्वतः भारतात आले आणि माध्यमिक शिक्षणातील परीक्षासुधारणेसाठी त्यांनी येथे कार्यशाळा घेतल्या. १९६२ मध्ये रॉबर्ट मेगर यांनी उद्दिष्टाची तीन अंगे सांगितली: विद्यार्थी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत, आणि ते कितपत चांगले असले म्हणजे पुरेसे मानावयाचे. २००१ मध्ये अँडरसन व क्रॅथवोल यांनी ब्लूम यांच्या सहा नामांच्या जागी सहा क्रियापदे आणली आणि क्रमही थोडा बदलला. आज प्राध्यापक-कक्षाच्या भिंतीवर क्रियापदांचा जो तक्ता लावलेला असतो, त्याचे कूळ हे असे आहे.

माझा आक्षेप असा होता की, ही सर्व विचारसरणी ज्ञानाला आधीच ठरलेल्या वस्तूचे रूप देते. पूल कसा बांधावा हे शिकवताना शेवटी काय हाती यावे हे आधी सांगता येते. कवितेचे तसे नाही. जी कविता वाचून प्रत्येकाच्या ठिकाणी तेच घडते, ती बहुधा कविताच नसते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मराठी वाचकाच्या ठिकाणी काय घडावे याचे उद्दिष्ट कोणी लिहू शकला असता काय? साहित्यकृती अपेक्षांची पूर्तता करण्यापेक्षा अपेक्षाच बदलून टाकते, आणि म्हणून तिच्या परिणामाचे पूर्वकथन करणे म्हणजे तिचे साहित्यपणच नाकारणे होय. हा युक्तिवाद मी अनेक चर्चासत्रांत केला आहे. तो चुकीचा आहे असे मला आजही वाटत नाही. परंतु त्याच्या आडोशाला मी कोणती गोष्ट लपवीत होतो, हे मला त्या रकान्यामुळे कळले.

आता त्या जुन्या प्रश्नाकडे येतो. अध्यापनाच्या माझ्या आरंभीच्या वर्षांत एक विद्यार्थिनी मराठी विशेष स्तरावर होती. कोरडवाहू शेतीच्या गावातून ती रोज एस.टी.ने येई. घरात तिच्याआधी कोणी महाविद्यालयात गेले नव्हते. एकदा वर्गात लोकसाहित्याचा विषय निघाला असता तिने आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या. एक संपली की दुसरी, अशा कितीतरी. तास संपला तरी तिच्या ओव्या संपल्या नव्हत्या. त्याच मुलीला आधुनिक कवितेच्या चाचणीत मी अत्यंत कमी गुण दिले होते. मर्ढेकरांच्या कवितेची वैशिष्ट्ये विचारली असता तिने उंदरांच्या त्या प्रसिद्ध कवितेबद्दल लिहिले होते. तिच्या घरी धान्याच्या कणगीत मेलेले उंदीर सापडत त्याबद्दल लिहिले होते. आणि ती कविता वाचताना आपल्याला काहीतरी म्हणावेसे वाटते पण काय ते समजत नाही, असेही लिहिले होते. यंत्रयुगातील मानवाची अगतिकता, प्रतिमांचे नावीन्य, विज्ञाननिष्ठ शब्दकळा हे जे मुद्दे 'गाईड'मध्ये क्रमांक घालून दिलेले असतात, त्यांपैकी एकही तिच्या उत्तरात नव्हता.

ती माझ्याकडे आली. गुण वाढवून मागण्यासाठी ती आलेली नव्हती. तिने विचारले, "सर, मी काय लिहायला पाहिजे होतं?" मी तिला सांगितले की, कविता ही आधी अनुभवावी लागते. ती क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "ते मी केलं, सर. पण पेपरात काय लिहायचं असतं?"

मला उत्तर देता आले नाही. मी काहीतरी संदर्भग्रंथ सुचवले. पुढच्या वर्षी तिने विशेष विषय बदलून घेतला.

त्या वेळी मी स्वतःची समजूत घातली की, काव्याची जाण ही काहींना असते, काहींना नसते. 'सहृदय' हा शब्द अशा वेळी आपल्या फार उपयोगी पडतो. ज्याला कविता कळली तो सहृदय; ज्याला कळली नाही तो नाही; प्रश्न मिटला. परंतु अभिनवगुप्तांनी 'लोचना'त सहृदयाचे जे लक्षण सांगितले आहे, ते इतके सोयीचे नाही. काव्याच्या परिशीलनाने व अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आरसा पुसावा लागतो, आणि पुसणे ही क्रिया आहे. सहृदयता हे केवळ जन्मजात दान नसून अभ्यासाचे फळ आहे, असे आपल्या काव्यशास्त्रातील एक श्रेष्ठ विचारवंत सांगत असेल, तर तो अभ्यास नेमका कशाचा, कोणत्या क्रमाने, हे सांगण्याची जबाबदारी काव्य शिकवणाऱ्यावर येते. ती मी कधीच पार पाडली नव्हती.

आपल्या परंपरेतील आणखी एका गोष्टीचा येथे उल्लेख करावासा वाटतो. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याचा प्रघात होता. त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणत. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या प्रारंभीच काव्याची प्रयोजने सांगितली आहेत. तेव्हा ग्रंथाचे किंवा अध्ययनाचे प्रयोजन आधी स्पष्ट करणे हा केवळ परकीय व्यवस्थापनशास्त्राचा आग्रह आहे, असे म्हणता येणार नाही. मात्र जुन्या चतुष्टयातील चौथा घटक हाच कळीचा आहे. अधिकारी कोण, म्हणजे या अध्ययनाला पात्र कोण, याचे उत्तर परंपरेने बहुतांना दाराबाहेर ठेवून दिले होते. आधुनिक विद्यापीठाने दार उघडले. प्रवेश-अर्जावर कोणाचेही नाव लिहिता येऊ लागले. परंतु आत गेल्यावर काय अपेक्षित आहे हे आम्ही अध्याहृतच ठेवले. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट होते, नाटके पाहून आल्यावर त्यांची चर्चा होत असे, त्यांना ते न सांगता कळत होते. इतरांसाठी 'गाईड' होते. याचा अर्थ असा की, अधिकारभेद आम्ही मोडला नव्हता. तो फक्त न लिहिलेल्या उद्दिष्टांत हलवला होता.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना ते कोणत्याही उदात्त ध्येयाची भाषा करीत नाहीत. वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे काही पाठ, अशी ती रोखठोक यादी आहे. ज्याला शिक्षणापासून दूर ठेवले गेले आहे, त्याच्या बाजूने बोलणाऱ्याला नेमकेपणा परवडतो. नव्हे, त्याला नेमकेपणाचीच गरज असते. संदिग्धता ही ज्यांच्यापाशी आधीच सर्व काही आहे त्यांची चैन आहे.

मी तो कागद पुन्हा समोर घेतला. 'अभिरुची निर्माण करणे' या वाक्यातील क्रियापदाचा कर्ता कोण, हे प्रथम तपासले. तो मीच होतो. चारही वाक्ये माझ्याविषयी होती. विद्यार्थी त्यांत कोठेच काही करीत नव्हता. 'समजून घेणे', 'जाणून घेणे' यांत तो येत होता खरा, पण समजला हे कशावरून म्हणायचे याचा पत्ता नव्हता. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांनी लिहिलेल्या प्रतिक्रियांचा अभ्यास १९२९ मध्ये पुस्तकरूपाने मांडला, हे आपण समीक्षेच्या इतिहासात शिकवतो. सुशिक्षित विद्यार्थ्यांनाही कवितेचा सरळ वाच्यार्थ लावताना अडचण येते, आणि ते ठरीव प्रतिक्रियांचा आधार घेतात, असे त्यांना आढळले होते. मी हा प्रयोग वर्षानुवर्षे प्रश्नोत्तरासाठी 'शिकवला'; माझ्या वर्गात तो करून पाहिला नव्हता.

पहिले उद्दिष्ट मी असे लिहिले: 'कवीचे नाव न दिलेली व वर्गात न शिकवलेली एक कविता समोर ठेवली असता, तिच्यात कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे, आणि हे बोलणे कोठे वळण घेते, हे विद्यार्थ्यास कवितेतील किमान दोन जागांचा निर्देश करून एक पानात लिहिता येईल.' हे वाक्य सुंदर नाही. परंतु त्याच्यात मेगर यांची तिन्ही अंगे आहेत आणि त्याचा कर्ता विद्यार्थी आहे. दुसरे उद्दिष्ट लिहिताना मात्र माझा हात थांबला. मर्ढेकरांच्या वेगळेपणाविषयीचे ते वाक्य होते. वेगळेपण म्हणजे विद्यार्थ्याने नेमके काय ओळखावे? मर्ढेकरांनी गिरणीच्या भोंग्याच्या, महायुद्धाच्या काळातील जगण्याचा आशय अनेकदा अभंग-ओवीसारख्या जुन्या घाटात घातला. भक्तीची चाल आणि भंगलेल्या जगाचा आशय यांतील ताण हा त्यांच्या कवितेचा एक मोठा विशेष आहे. तेव्हा मी लिहिले: 'परिचित छंदाची चाल नव्या कवितेत ऐकून ओळखता येईल, आणि ती चाल आशयाशी जुळते की त्याला छेद देते, हे सकारण सांगता येईल.'

हे वाक्य पूर्ण होताच मला ती विद्यार्थिनी आठवली. ओवीची लय जिच्या कानात आजीच्या जात्याबरोबर मुरली होती, तिला हा प्रश्न विचारला गेला असता, तर त्या वर्गात तिच्याइतकी तयारीची दुसरी कोणी नव्हती. अभंग हा ओवीच्याच कुळातला. मर्ढेकरांच्या अभंगसदृश कवितांतील चाल आणि आशय यांची विसंगती तिला बहुधा माझ्याआधी ऐकू आली असती. 'काहीतरी म्हणावेसे वाटते पण काय ते समजत नाही', या तिच्या वाक्याच्या मुळाशी काय होते, हे मी विचारले नाही. मी काय शोधतो आहे हे मलाच ठाऊक नव्हते, म्हणून तिच्यापाशी असलेले मला दिसले नाही. उद्दिष्ट हे विद्यार्थ्याला दिशा दाखवण्यासाठी असते असे म्हणतात; ते शिक्षकाला दृष्टी देण्यासाठीही असते, हे मला फार उशिरा कळले.

उद्दिष्ट बदलले की प्रश्नपत्रिका बदलावी लागते. जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये उद्दिष्ट, अध्यापन व मूल्यमापन यांच्या परस्परसंगतीचा जो विचार मांडला, त्याचे सार एवढेच आहे की, यांपैकी एक बदलून इतर दोन तशीच ठेवली तर विद्यार्थी फक्त परीक्षेचे ऐकतो. 'वैशिष्ट्ये सांगा' हा प्रश्न कायम असेल, तर वरच्या रकान्यात काहीही लिहिले तरी ते शोभेचे आहे. निदान अंतर्गत मूल्यमापन माझ्या हाती होते. तेथे मी अपरिचित कविता देऊ लागलो. पहिल्या वर्षी बहुतेकांनी कवी कोण असावा याचा अंदाज बांधण्यात अर्धे पान खर्च केले, आणि उरलेल्या अर्ध्या पानात त्या अंदाजलेल्या कवीची वैशिष्ट्ये लिहिली. दुसऱ्या वर्षी आम्ही वर्गात कविता मोठ्याने वाचू लागलो. वारकरी घरातील एका मुलाने मी छंदाचे नाव घेण्याआधीच बाकावर बोटांनी ताल धरला, आणि मग थांबून म्हणाला, "सर, चाल देवाची आहे, पण आत देव नाही." यापेक्षा नेमके विधान माझ्या टिपणांत नव्हते. गुणांच्या बाबतीत मतभेद झाले; तीच उत्तरपत्रिका मी सात गुणांची मानली आणि सहकाऱ्याने चार गुणांची. 'सकारण' म्हणजे काय यावर आम्ही पाच उत्तरपत्रिका समोर ठेवून दुपारभर बोललो. समीक्षेविषयी इतके खरे बोलणे आमच्या विभागात त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

याचा अर्थ ही पद्धत निर्दोष आहे असा नव्हे. तिचे विकृतीकरण रोज डोळ्यांसमोर दिसते. क्रियापदांच्या तक्त्यातून शब्द उचलून वाक्ये जुळवली जातात. प्रत्येक निष्पत्तीचे कार्यक्रमाच्या निष्पत्तींशी १, २, ३ अशा आकड्यांत नाते दाखवणारी कोष्टके भरली जातात; एका विषयाची वाक्ये नावे बदलून दुसऱ्या विषयाला लावली जातात. १९९४ मध्ये नॅकची स्थापना झाल्यानंतर गुणवत्तेची जी कागदोपत्री भाषा रूढ झाली, तिने अनेक ठिकाणी विचाराची जागा घेतली आहे. 'अभिरुची निर्माण करणे' हे वाक्य जितके पोकळ होते, तितकेच 'विद्यार्थी काव्याचे समीक्षात्मक विश्लेषण करतो' हेही पोकळ असू शकते. फरक एवढाच की दुसऱ्या वाक्याला क्रियापदाचा टिळा लावलेला असतो.

शिवाय जे मोजता येत नाही त्याचे काय, हा माझा जुना प्रश्न शिल्लक राहतोच. क्रॅथवोल, ब्लूम व मासिया यांनी १९६४ मध्ये भावात्मक उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडले होते. आमच्या तक्त्यांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. एलियट आयस्नर यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे सुचवले की, काही उद्दिष्टे फलिताचे वर्णन करणारी नसावीत. विद्यार्थ्याने कोणत्या अनुभवाला सामोरे जावे एवढेच त्यांनी सांगावे आणि त्यातून काय निष्पन्न होईल हे मोकळे ठेवावे. त्यांना त्यांनी अभिव्यक्तिपर उद्दिष्टे म्हटले. मला हा भेद अत्यंत मोलाचा वाटतो. कवितेच्या अध्यापनात दोन्ही प्रकारची वाक्ये लागतात; दोहोंची सरमिसळ केली की गोंधळ होतो. जे शिकवता आणि तपासता येते ते संदिग्ध ठेवणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे. जे तपासता येत नाही ते तपासल्याचा आव आणणे हा कवितेवर अन्याय आहे. पूर्वी मी पहिला अन्याय करीत होतो आणि दुसऱ्याचे भय दाखवून त्याचे समर्थन करीत होतो.

म्हणून शेवटी मी पाचवे वाक्य असे लिहिले: 'प्रत्येक विद्यार्थी स्वतः निवडलेली एक कविता सत्रभर जवळ बाळगील आणि सत्राच्या अखेरीस ती वर्गापुढे वाचेल.' त्यापुढील गुणांच्या रकान्यात मी रेघ ओढली. कागद परत आला. रकाना रिकामा ठेवता येत नाही, असे त्यावर पेन्सिलीने लिहिले होते. वाणिज्य विभागातील त्या प्राध्यापिकांना मी भेटलो. या वेळी चमकदार उत्तर दिले नाही. माझी अडचण सांगितली, त्या विद्यार्थिनीची हकीकतही सांगितली. त्यांनी विचार करून म्हटले, "सर, मग हे निष्पत्तीत नको. अध्यापन पद्धतीत लिहू या. तिथं गुण विचारत नाहीत." ते वाक्य तेथे गेले. मला वाटते, त्याची जागा तीच होती.

त्या विद्यार्थिनीची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येईल की नाही, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. परंतु दरवर्षी जूनमध्ये उद्दिष्टांचा कागद वर्गात वाचून दाखवताना मी प्रत्येक वाक्य तिला ऐकवून पाहतो. पेपरात काय लिहायचे असते, हे जर त्या वाक्यातून तिला कळणार नसेल, तर ते वाक्य मी खोडून पुन्हा लिहितो. यंदा दोन वाक्ये खोडली आहेत.